बंबाची जाळी बदलताना

दिवाळीच्या आठवडाभर आधी आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब माळ्यावरून खाली येतो. चिंच-मिठाने घासून घासून त्याला असा लखलखीत करतात की त्यात बघून भांग पाडावा. ज्यावर विस्तव पेटतो त्या आतल्या जाळीकडे बघायला मात्र कोणी वाकत नाही. आमच्याकडे एका नरक चतुर्दशीला पहाटे पाचच्या सुमारास ती जाळी मधोमध मोडली आणि पेटते निखारे भसकन खाली राखेत बसले. दोघांच्या आंघोळी झाल्या होत्या, सात जण अंगाला तेल-उटणं लावून रांगेत. आत्या म्हणाली, "अरे, बाहेरून घासायला तिघं होतात, आत डोकवायला एकाला तरी डोळे होते का?" उरलेलं पाणी गॅसवर पातेल्यांत तापलं.

त्यानंतर मी ती जाळी दोनदा बदलली. पहिल्यांदा चुकीची, दुसऱ्यांदा बरोबर. पहिल्या चुकीपायी तांब्याचा नळा गळायला लागला आणि जाळीच्या कितीतरी पट पैसे तांबटाला मोजावे लागले. म्हणून हे सगळं लिहितोय. गावच्या घरातला जुना बंब ज्यांच्या वाट्याला आलाय, तो पुन्हा पेटवायची इच्छा आहे, पण ज्यांनी त्याच्या पोटात कधी हात घातलेला नाही, अशांसाठी. काम अवघड नाही. अर्धा दिवस, एक टॉर्च, एक पुठ्ठा आणि गावातला वेल्डिंगवाला एवढ्यात होतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसू द्या: जाळी हा बंबातला झिजायलाच ठेवलेला भाग आहे. तिने झिजावं आणि तांबं टिकावं, अशी मूळची योजना. तुम्ही जाळी 'एकदम पक्की' करायला गेलात की झीज तांब्याच्या वाट्याला येते.

बंबाच्या पोटात

बंब म्हणजे एकात एक अशी दोन नळकांडी. मधल्या पोकळीत पाणी. आतल्या नळ्यात वरून सरपण टाकायचं. धूरही तिथूनच वर जातो. हा नळा बहुतेक बंबांत खाली रुंद आणि वर निमुळता असतो. तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला मोकळी जागा, आणि विस्तवाला हवा मिळते तीही त्याच जागेतून. पुढे पितळी तोटी, वर पाणी ओतायचं तोंड. काही बंबांत वरून ओतलेलं गार पाणी एका नळीने थेट बुडाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर येतं. एक तांब्या द्या, एक तांब्या घ्या. जाळीच्या कामाला दोन्ही प्रकार सारखेच.

जाळी बसवायच्या तीन तऱ्हा मी पाहिल्या आहेत. एक, नळ्याच्या खालच्या काठाला आतून तीन-चार छोटे कान रिव्हेट केलेले असतात आणि जाळी त्यांवर नुसती टेकलेली असते. दोन, आडवा लोखंडी गज आरपार घातलेला असतो आणि जाळी त्यावर बसते. गज ओढला की जाळी हातात. तीन, बंबाला स्वतःची जाळी नसतेच. तो लोखंडी तिवईवर ठेवतात आणि जाळी त्या तिवईलाच असते. तिसऱ्या प्रकारच्या मालकांनी स्वतःला नशीबवान समजावं, कारण त्यांना तांब्याला हात न लावता सगळं काम करता येतं.

ती झिजते कशाने

लोक म्हणतात, आगीने. ते अर्धंच खरं. वरून निखारा असला तरी खालून सतत गार हवा येत असते आणि तीच जाळीला थंड ठेवते. ही हवा अडली की जाळीचं आयुष्य संपत येतं. हवा अडते ती राखेने. खालचं तबक रोज रिकामं केलं नाही की राख चढत चढत जाळीला खालून टेकते. मग वर निखारे, खाली गरम राख आणि मधे जाळी. ती लालभडक होते आणि स्वतःच्या वजनाने खाली झोल खाते. साधं लोखंड साडेपाचशे अंशांच्या पुढे भराभर खपल्या टाकायला लागतं. राखेत चपट्या, काळ्या, कागदासारख्या खपल्या सापडायला लागल्या तर ती राख नाही, ती तुमची जाळी आहे.

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी वाकत नाही, तडकते. बीड पुन्हा पुन्हा लाल होऊन गार झालं की आतून फुगतं, ठिसूळ होतं. आणि त्यात आपली एक सवय भर घालते: आंघोळी आटोपल्या की उरलेला विस्तव तांब्याभर पाणी ओतून विझवायचा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज मी लहानपणी रोज ऐकलाय आणि मजा वाटायची.

तिसरं कारण पावसाळ्यातलं. राख खारी असते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. ओल्या राखेत लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकून राहिले की गंज लोखंडाला चढतो, आणि एकट्या लोखंडाला चढला असता त्याहून लवकर. म्हणून जुनी जाळी नेमकी काठाला, जिथे ती तांब्याला लागते तिथे, कुरतडल्यासारखी दिसते. मधे गज शाबूत आणि कडेला काही नाही, असं दिसलं तर दोष आगीचा नाही; बंब राखेसकट चार महिने ठेवून दिल्याचा आहे.

सरपणाचाही हात असतो. करवंट्या फार कडक जळतात. पाणी झटकन तापतं पण जाळीवर भार येतो. लाकडी कोळसा तर जाळीला चिकटूनच जळतो. शेणी, तुराट्या, पऱ्हाट्या, कणसांची बुरकुंडं यांचा विस्तव त्यामानाने मऊ. दगडी कोळसा बंबात घालू नका, ती भट्टीची चीज आहे. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे, प्लॅस्टिक हेही नाही. त्यांचा धूर धातूही खातो आणि माणसाची छातीही.

बदलायची वेळ आली का?

सगळ्यात सोपी खूण खालच्या तबकात. बंब पेटलेला असताना खाली नुसती राख पडायला हवी. सुपारीएवढे जिवंत निखारे पडत असतील तर फट रुंदावली आहे. दुसरी खूण वेळेची: तेवढंच सरपण, तेवढंच पाणी, तरी पूर्वी वीस मिनिटांत निघणारी वाफ पाऊण तासाने निघते, कारण निम्मा विस्तव खाली पडून वाया जातो.

बंब गार असताना जाळी बोटाच्या टिचकीने नाही, छोट्या हातोडीने हलकी वाजवून बघा. धड बीड 'टण्ण' वाजतं. तडकलेलं 'थप्प' बोलतं, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच. सळयांची जाळी असेल तर तिच्यावर एक सरळ पट्टी आडवी धरा. पट्टी आणि जाळीच्या मध्यभागात बोट जात असेल तर झोल आला आहे; दोन बोटं जात असतील तर या दिवाळीचीच वाट बघू नका.

थोडाच झोल असेल तर एक जुना, बिनखर्चाचा उपाय: जाळी उलटी करून ठेवा. जी बाजू खाली लोंबत होती ती आता वर घुमटासारखी येते आणि पुढच्या तापण्यात हळूहळू सरळ होते. दोन्ही बाजूंनी सारख्या जाळीलाच हे जमतं. माझ्या माहितीतल्या एका घरी दर दोन वर्षांनी जाळी अशी पालथी घालतात आणि त्यांना वेल्डिंगवाल्याचं तोंड बघावं लागलेलं नाही. एखादीच सळई गेली असेल तर त्या जागी तेवढ्याच जाडीची सुटी सळई आडवी टाकूनही हंगाम निघतो.

तडकलेलं बीड मात्र जोडायच्या फंदात पडू नका. बीड जोडायला निकेलची कांडी लागते, आधी तुकडा सावकाश तापवावा लागतो, नंतर सावकाश निववावा लागतो. यंत्राच्या महागड्या भागासाठी ते ठीक. जाळीसाठी तो खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला; शिवाय जोडाशेजारी ती पुन्हा तडकते.

सोडवणं आणि साफ करणं

आदल्या दिवशीपासून बंब पेटवू नका. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो, म्हणून राख पत्र्याच्या बादलीत काढा, प्लॅस्टिकच्या टोपलीत नाही. पाणी पूर्ण सोडून द्या. चाळीस लिटरच्या बंबात चाळीस किलो पाणी असतं, हे विसरून त्याला एकट्याने कलंडवायला गेलेले लोक कंबर धरून बसलेले मी पाहिलेत.

जमिनीवर गोणपाट दुहेरी अंथरा आणि दोघांनी मिळून बंब आडवा करा. तोटी वरच्या बाजूला आली पाहिजे. तोटी खाली आली तर सगळा भार तिच्यावर येऊन तिचा डाख (वितळवून लावलेला जोड) सुटतो, आणि मग आपण जाळीचं काम करायला बसलेलो असतो ते बाजूलाच राहतं.

हातात जाड मोजे, नाकाला मास्क. आधी तारेच्या ब्रशने सगळं कोरडंच झाडून घ्या. राख ओली केली तर तिचं खारट पाणी होतं. नखांच्या कडांना झोंबतं आणि दोन दिवस कातडी सोलत राहते. जुन्या घरांत बंबाला वर जोडलेला धुराचा पाइप कधी कधी करड्या सिमेंटच्या पत्र्यासारखा असतो. तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला कानस, ब्रश, करवत काही लावू नका. त्याची धूळ छातीत गेलेली परवडत नाही. बदलायचाच असेल तर ओला करून, अख्खा उतरवून घ्या.

आता जाळी. नुसती टेकलेली असेल तर थोडं हलवल्यावर येते. गंजाने धरून ठेवली असेल तर ठोका जाळीला द्यायचा, तांब्याला नाही, आणि तोही काठाला नाही, मध्यावर, खालून वर. चार हलके ठोके, मग जाळी थोडी फिरवायची, परत चार ठोके. तरीही हलली नाही तर ती तिथल्या तिथे हॅक्सॉने कापून तुकड्यांत काढा. छिन्नी काठाशी घालून उचकटायचा मोह होतो. तो आवरा. आतलं तांबं बाहेरून वाटतं तेवढं जाड नसतं.

बंबाच्या अंगावर हातोडीचे जे छोटे चमकदार खळगे दिसतात, त्याला तांबट मठारकाम म्हणतात. ते शोभेपुरतं नसतं. ठोकल्याने तांब्याचा पत्रा कडक होतो. हाच पत्रा एकदा लाल होईपर्यंत तापला की पुन्हा मऊ पडतो. कोरडा पेटवलेला बंब गार झाल्यावर बोटाने दाबला तरी पोचे पडतात ते यामुळे.

तांबं तपासा, मगच पुढे

जाळी निघाली की टॉर्च घेऊन नळ्याच्या आत नीट बघा. ही पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. काजळीवर हिरवट-पांढरट ओघळ दिसला तर तिथून पाणी झिरपतंय. सांध्यावर करडी रेघ तुटलेली दिसली तर डाख गेला आहे. शंका असेल तर बंब उभा करून पाणी भरा आणि तासभर थांबा. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरून ठेवा. कागदावर डाग पडला तर आधी तांबट, मग जाळी. उलट क्रम केलात तर तांबट तुमची नवी जाळी काढून बाजूला ठेवेल आणि परत बसवताना कशी बसवेल ते त्याच्या मर्जीवर.

पुण्याजवळचे असाल तर कसबा पेठेतली तांबट आळी आहेच. इतर गावांत कल्हईवाला येत असेल तर त्याला विचारा. कल्हई आणि डाख ही दोन्ही कामं करणारे अजून सापडतात. जुन्या डाखात शिसं असतं, म्हणून बंबाचं पाणी आंघोळीलाच. चहाला, भाताला घेऊ नका, कितीही कढत असलं तरी.

माप: इथेच मी चुकलो

पहिल्या वेळी मी जुन्या जाळीचे तुकडे जुळवून फूटपट्टीने माप घेतलं, नऊ इंच, आणि वेल्डिंगवाल्याला सांगितलं नऊ इंची चकती कर. त्याने जाड कडं घेतलं, त्यात सळया दोन्ही टोकांना वेल्ड केल्या, आणि घरी येऊन स्वतः ठोकून बसवून दिली. "एकदम पक्की, आता नातवंडं वापरतील." हलवली तर हलत नव्हती. मला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी विस्तवात 'चर्र' असा आवाज आला. मग दुसरा. जाळीच्या काठाशी नळ्याचा सांधा उकलून थेंब पडत होते.

हिशेब साधा आहे. लोखंडाचा एक मीटरचा गज एक अंश तापला की साधारण बारा हजारांश मिलीमीटर वाढतो. नऊ इंच म्हणजे २२९ मिलीमीटर. ही जाळी ६०० अंशांपर्यंत गेली की साधारण १.६ मिलीमीटर वाढते. तांब्याच्या नळ्याला मात्र पलीकडून पाणी लागलेलं असतं, तो शंभराच्या आसपासच राहतो आणि पाव मिलीमीटर वाढला तर वाढला. म्हणजे घट्ट बसवलेली जाळी रोज सकाळी नळ्याला आतून ढकलते आणि रोज दुपारी सोडते. पाचर ठोकल्यासारखं. तिने आठ दिवस काढले हेच आश्चर्य.

तर माप असं घ्या. नळ्याचा आतला व्यास जाळी बसते त्या उंचीवर तीन दिशांनी मोजा. जुना नळा गोल नसतो, कुठे ना कुठे चेपलेला असतो. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून सहा मिलीमीटर वजा करा, म्हणजे चहूकडून तीन-तीन मिलीमीटर मोकळे राहतील. तेवढ्या व्यासाची चकती पुठ्ठ्याची कापा. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला. ती खालून आत घालून कानांवर टेकवून बघा, एक पूर्ण चक्कर फिरवा. कुठे अडली तर तिथे खूण करून कापा. आणि ज्या वाटेने जाळी आत जाणार, त्या तोंडातून पुठ्ठा न दुमडता जातोय ना तेही बघा. मी एकदा एका मित्राकडे तयार जाळी घेऊन दोन तास बसलोय. जागा नऊ इंची, पण खालच्या कड्याचं तोंड साडेआठ. शेवटी जाळी मधून कापून दोन अर्ध्या चंद्रकोरी केल्या आणि एकेक आत सरकवली. विनोद म्हणजे ती दोन तुकड्यांची जाळी अजून चाललीय, कारण तिला वाढायला मधेही फट मिळाली.

वेल्डिंगवाल्याकडे जाताना तोंडी माप नेऊ नका, पुठ्ठा न्या. इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांच्या बोलाचालीत तीन मिलीमीटर कधी हरवतात ते कळत नाही.

कशाची करायची

तयार बिडाची जाळी मिळाली तर पहिली पसंती तिला. बीड तापायला आणि निवायला सावकाश, खपल्या कमी टाकतं आणि वाकत नाही. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, किंवा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, इथे शेगडीच्या जुन्या जाळ्यांच्या ढिगात हात घालावा लागतो. पुठ्ठा सोबत ठेवा. किंचित मोठी मिळाली तर काठ ग्राइंडरने कमी करता येतो. लहान मिळाली तर कानांवरून घसरेल, सोडून द्या. घेण्याआधी वाजवून बघा. नवी ओतून घ्यायचा विचार असेल तर एका नगासाठी फाउंड्रीवाला सहसा साचा करत नाही. गावातले चार-पाच बंबवाले एकत्र आले तर बोलणं करता येतं.

सळयांची करायची तर १२ मिलीमीटरची साधी चौकोनी सळई. बांधकामाची पिळाची सळई बहुतेक वेल्डिंगवाले पुढे करतात कारण ती दुकानात पडलेलीच असते. चालते, पण तिच्या दात्यांत राख आणि खिळे अडकतात. जाडीत काटकसर नको. ८ मिलीमीटरची जाळी दुसऱ्या हिवाळ्यात झोल खाते. ३०४ नंबरचं स्टेनलेस मिळालं तर जास्त टिकेल. ते खपल्या कमी टाकतं, मात्र तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट वाढतं, म्हणून चहूकडची फट तीनाऐवजी चार मिलीमीटर ठेवा.

जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही नको. पाण्याचा जुना जीआय पाइप, कुंपणाची जाळी, बादलीचं कडं. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं. विस्तवात आणि वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो. तो हुंगलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना हा ताप ठाऊक असतो.

फट किती? फोडलेली लाकडं आणि करवंट्या जाळत असाल तर सळयांमध्ये दहा-बारा मिलीमीटर. शेणी, बुरकुंडं, धसकटं असा हलका माल असेल तर आठ. मी मधल्या बोटाचं टोक जेमतेम आत जाईल एवढी ठेवतो.

वेल्डिंगवाल्याला सांगायचं ते थोडक्यात असं. गोल कडं नको. खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर सळया. प्रत्येक सळई एकाच पट्टीला टाका मारून जोडायची, दुसऱ्या पट्टीवर नुसती टेकलेली. म्हणजे प्रत्येक सळईला लांबायला एक टोक मोकळं. सळयांची टोकं पुठ्ठ्याप्रमाणे गोलाईत कापायची आणि कानशीने बोथट करायची, नाहीतर बसवताना तांबं खरवडतं. हे ऐकून तो म्हणेल, "दोन्हीकडून मारतो ना, पक्की होईल." नको म्हणा. दुसऱ्या वेळी मी तिथे स्टूल घेऊन बसून राहिलो आणि त्याने दुसरं टोक जोडायला कांडी उचलली की हात वर करत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, खुळखुळा करताय तुम्ही याचा." अगदी बरोबर. खुळखुळाच करायचा आहे.

बसवणं आणि पहिला जाळ

कान वाकलेले असतील तर लाकडी मोगरीने हलके सरळ करा. एखादा तुटला असेल तर तांबटाकडून नवा रिव्हेट करून घ्या. तीनच कान आणि त्यातला एक नाही, अशा जागी जाळी टेकवू नका. आडव्या गजाची पद्धत असेल तर गजही नवा घाला. जुन्या गजावर नवी जाळी बसवणं हा आळस आहे, आणि तो गज नेमका पेटत्या वेळी तुटतो.

जाळी आत सरकवून बसली की बंब आडवाच ठेवून हाताने हलवा. खुळखुळ वाजली पाहिजे, पण कुठल्याही बाजूला ढकलली तरी कानावरून निसटता कामा नये. दोन्ही जमलं की बंब उभा करा. खालची हवेची जागा भिंतीकडे तोंड करून नसावी, आणि जाळीपासून जमिनीपर्यंत वीतभर तरी मोकळं असावं. बंब बसका असेल तर पायांखाली विटा द्या.

आता क्रम लक्षात ठेवा: आधी पाणी, मग विस्तव. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं आणि शिशाचा डाख तर १८३ पासूनच मऊ पडायला लागतो. पलीकडे पाणी आहे तोवर पत्रा शंभराच्या पुढे फारसा जात नाही आणि दोघेही सुखात असतात. पाणी आटलं की काही मिनिटांत सांधे सुटतात. पेटता बंब रिकामा झालाच तर घाबरून त्यात गार पाणी ओतू नका. खालची हवा बंद करा, विस्तव ओढून काढा आणि तो आपोआप निवू द्या.

पहिला जाळ छोटा. मूठभर ढलप्या, चार बुरकुंडं, बस. बिडाची जाळी असेल तर पहिले दोन-तीन दिवस असंच हळूहळू तापवा. या पहिल्या जाळाच्या वेळी कान देऊन ऐका. थोडी 'टक-टक' चालेल, सळया सरकत असतात. 'चर्र' आलं तर पाणी आहे, थांबा. सळयांवर आधी तेल किंवा रॉकेल लावलं असेल तर ते आधीच पुसून काढलेलं असावं.

आणि न्हाणीघराची खिडकी उघडी. बंब आतच पेटवायची पद्धत जुन्या वाड्यांत होती, पण त्या न्हाणीला कौलांखाली हातभर फट असायची. आताची फरशीची, सरकत्या काचेची बाथरूम बंद केली की निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. बंब बाहेर पडवीत पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या, हे सगळ्यात बरं.

रोजचं

खालचं तबक रोज सकाळी पेटवण्याआधी रिकामं करायचं. वरची राख मात्र खरवडून लख्ख करू नका. जाळीवर बोटभर राखेचा थर राहिला तर लाकूड त्यावर छान धुमसत राहतं आणि निखारा थेट लोखंडाला लागत नाही. वर थोडी राख, खाली अजिबात नाही. आमच्याकडे नव्या उत्साहाने कामाला लागलेला प्रत्येक जण नेमकं उलटं करतो: वर चकाचक आणि खाली डोंगर.

विस्तव पाण्याने विझवायचा नाही. शेवटच्या आंघोळीच्या हिशेबाने सरपण घालणं थांबवा. राहिलेला निखारा भांडी धुवायला पाणी देतो. बंब माळ्यावर टाकण्याआधी पाणी काढून उपडा ठेवा, जाळी बाहेर काढून झटका, तिच्यावर गोडेतेलाचा हात फिरवा आणि ती कागदात गुंडाळून बंबाच्या आत नाही, शेजारी ठेवा.

पुठ्ठ्याची ती चकती टाकून देऊ नका. माझ्या चकतीवर पेनने तारीख, सळईची जाडी, फट आणि 'तोटीकडची बाजू' असा बाण काढलेला आहे, आणि ती बंबाच्या झाकणाला आतून दोऱ्याने बांधलेली असते.